तक्रारीचे व्याकरण : ‘मित्राची गोष्ट’च्या निमित्ताने

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा देव ही स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन तरुणी नमा नावाच्या तरुणीवर प्रेम करते आणि अखेर आत्मनाश ओढवून घेते. नाटकाच्या धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु समलिंगी व पारलिंगी व्यक्तींना घरात वा नात्यात सोसाव्या लागणाऱ्या छळाचा प्रश्न आज उघडपणे मांडला जात असताना, या नाटकातील एक वेगळी गोष्ट लक्षात भरते. ती म्हणजे सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची अडचण.

ही अडचण शीर्षकापासूनच सुरू होते. ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘मित्रा’. आणि सुमित्रेचे संक्षिप्त नावही ‘मित्रा’च. विशेषनाम असल्याने ते येथे विकार पावत नाही. त्यामुळे ही गोष्ट पुरुषाची की स्त्रीची, हे केवळ शीर्षकावरून ठरत नाही. लिंगनिर्णय लांबणीवर टाकून प्रथम गोष्ट ऐकावी, असेच जणू ते सुचविते.

नाटकात ही गोष्ट सांगतो तो बापू. मित्रा आपले अंतरंग त्याच्यापाशी उघड करते, परंतु त्याचीही सोबत तिला शेवटपर्यंत पुरत नाही. मन्या दळवीच्या हाती तिचे गुपित येते तेव्हा ते शस्त्र बनते. गुपित फोडण्याची धमकी हा अशा नात्यांतील छळाचा खास प्रकार होय. कारण तक्रार करावयाची तर तेच गुपित आपण होऊन उघड करावे लागते. तेंडुलकर मित्रेलाही निर्दोष रंगवीत नाहीत. नमेवरील तिच्या प्रेमात मालकीहक्काची छटा आहे. समाजाने नाकारलेल्या नात्यातही जुलूम संभवतो, हे नाटककाराने लपविलेले नाही, आणि आधार देणाऱ्यानेही ते विसरता कामा नये.

कायद्याची भाषा या बाबतीत अपुरी आहे. कौटुंबिक हिंसाचारविषयक २००५ च्या अधिनियमात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री, आणि नाते रक्ताचे, विवाहाचे, विवाहसदृश, दत्तकाचे अथवा एकत्र कुटुंबातील. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ ही मर्यादा काढून टाकली. त्यामुळे मुलीला आईविरुद्धही दाद मागता येऊ लागली. तथापि जोडीदाराकडून मार खाणारा पुरुष या व्याख्येबाहेरच राहिला. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने अशा व्यक्तींच्या प्रकरणांत न्यायालयांनी कसे वागावे याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जन्मदात्यांचे घर हेच सदैव सुरक्षित स्थान, हे गृहीत धरू नये असा त्यांचा आशय आहे.

परंतु न्यायालयापूर्वी भाषा येते. ‘तो मारतो’, ‘ती मारते’, ‘मी भ्यालो’, ‘मी भ्याले’ : मराठी क्रियापद पावलोपावली लिंग मागते. म्हणून पुष्कळदा तक्रार ‘घरी मारतात’ एवढ्याच वाक्यात सामावते. त्यात कर्ता नाही. मारणाऱ्याचे लिंग नाही, बोलणाऱ्याचेही नाही. ‘जोडीदाराने मला मारले’ या भावे प्रयोगातही क्रियापद दोघांपैकी कोणाच्याही मागे जात नाही. हे वाक्य अपुरे समजून ऐकणारा विचारतो, “कोण, नवरा?” आणि तेथेच बोलणे खुंटते. वस्तुतः ते वाक्य अपुरे नसते. बोलणाऱ्याने त्या क्षणी निवडलेला तो आडोसा असतो.

कोल्हापूरच्या श्रोत्याला हे समजणे अवघड जाऊ नये. या परिसरात कित्येक मुली आणि स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज बोलतात आणि त्यांच्या स्त्रीत्वाबद्दल कोणाला शंका येत नाही. क्रियापदाचे लिंग आणि माणसाचे लिंग एकच असते असे नाही, हा पाठ येथील बोलीने कोणत्याही व्याकरणग्रंथावाचून दिलेला आहे. मग एखादी पारलिंगी स्त्री ‘मी आले’ म्हणाली, किंवा एकाच हकीकतीत ‘आलो’ आणि ‘आले’ दोन्ही रूपे आली, तर तिच्या खरेपणाविषयी संशय का यावा? संरक्षण अधिकारी असो, समुपदेशक असो वा वसतिगृहाचा अधीक्षक असो, जबाब लिहिणाऱ्याने ही रूपे ‘शुद्ध’ करू नयेत. बोलणाऱ्याने वापरली तशीच ठेवावीत. प्रथम इजा, मग निवाऱ्याची गरज आणि त्यानंतरच, आवश्यक असल्यास, नाते विचारावे.

भाषाशास्त्राचे काम येथे मर्यादित असले तरी क्षुल्लक नाही. बापूने मित्रेची गोष्ट सांगितली, पण ती गेल्यानंतर. आधार देणाऱ्याला ती गोष्ट सांगणारी व्यक्ती जिवंत असताना, तिच्याच व्याकरणात, ऐकून घ्यावयाची आहे.