मस्तकावरील वस्त्र आणि अधिकार : करिंथकरांस पत्रातील एका उताऱ्याच्या दोन वाचनांची चिकित्सा

पौलाने करिंथ येथील मंडळीस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, दुसऱ्यापासून सोळाव्या वचनापर्यंत, उपासनेच्या समयी पुरुषाने मस्तक उघडे ठेवावे व स्त्रीने ते झाकावे, असे प्रतिपादन आहे. ख्रिस्ती स्त्रीच्या वेषाविषयी पुढील शतकांत जे वाङ्मय निर्माण झाले, त्याचा फार मोठा भाग म्हणजे या पंधरा वचनांचे भाष्य होय. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेतील १२६२ व्या कलमाने या उपदेशास कायद्याचे रूप दिले. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम उरले नाही. मधल्या काळात युरोप-अमेरिकेतील बहुतेक चर्चांतून स्त्रियांच्या मस्तकावरील वस्त्र नाहीसे झाले. कोरियातील कॅथलिक, रशियातील ऑर्थोडॉक्स आणि पेनसिल्व्हेनियातील आमिश स्त्रियांत मात्र ते टिकून राहिले.

या विषयाची दोन वाचने आज रूढ आहेत. पहिल्या वाचनानुसार पौलाचा उपदेश सार्वकालिक असून शालीनता हा त्याचा आशय आहे. वस्त्र टाकणाऱ्यांनी आज्ञाच टाकली. दुसऱ्या वाचनानुसार तो एका ग्रीक नगरातील लोकाचार होता. लोकाचार पालटला, तेव्हा उपदेशाचे प्रयोजनही संपले. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक समजले जातात. परंतु दोघांचेही एक गृहीत समान आहे. वस्त्राचा अर्थ 'शालीनता' असा एकच आहे, आणि प्रश्न उरतो तो फक्त ती आज बंधनकारक आहे की नाही एवढाच, असे दोघेही धरून चालतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतच मुळात तपासून पाहिले पाहिजे. वस्त्राने काय झाकले याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न, ते वस्त्र घेण्याचा अधिकार कोणास होता, हा आहे.

प्रथम करिंथ नगराचाच विचार करू. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी हे नगर उद्ध्वस्त केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून ते पुन्हा वसविले. म्हणजे पौलाच्या काळचे करिंथ ज्या अर्थाने 'ग्रीक' म्हटले जाते त्या अर्थाने ग्रीक नव्हते. रोमन रीतीप्रमाणे यज्ञविधी करणारा पुरुष आपल्या टोग्याचा पदर मस्तकावर ओढून घेत असे. ऑगस्टसचा अशा वेषातील पुतळा करिंथच्या उत्खननात सापडलेला आहे. पुरुषाने मस्तक झाकू नये हे पौलाचे म्हणणे या पार्श्वभूमीवर वाचले, की ते यज्ञाधिकार मिरविणाऱ्या प्रतिष्ठितांस उद्देशून असावे, असे अनुमान निघते. उताऱ्याचा हा अर्धा भाग भाष्यकारांच्या विस्मरणात गेला आहे. (पुरुषांसंबंधीची आज्ञा सार्वकालिक की तात्कालिक, यावर कोणी ग्रंथ लिहिल्याचे आढळत नाही, बिशपांच्या मस्तकावरील उंच टोपीचे किंवा इथिओपियातील पुरोहितांच्या पांढऱ्या फेट्याचे समर्थन कोणी मागितल्याचेही ऐकिवात नाही.)

स्त्रियांच्या बाबतीत वस्त्र आणि दर्जा यांचा संबंध त्याहून जुना आहे. इ. स. पूर्वीच्या बाराव्या-अकराव्या शतकांतील असिरियन कायद्यात गृहिणींनी बाहेर पडताना मस्तक झाकावे असा नियम आहे; पण त्याच कायद्याने दासी व वेश्या यांना ते झाकण्याची बंदी केली होती, आणि मस्तक झाकलेल्या वेश्येस पन्नास फटके मारून तिच्या डोक्यावर डांबर ओतावे, अशी शिक्षा सांगितली होती. रोमन कायदेपंडित उल्पियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी असे मत नोंदविले आहे, की दासीचा वेष घातलेल्या कुमारिकेची कोणी छेड काढली तर त्याचा अपराध कमी ठरतो. तेव्हा या समाजांत वस्त्र ही स्त्रीच्या मनातील लज्जेची खूण होतीच, असे म्हणता येत नाही. तिच्या अंगावर हात टाकण्यापूर्वी पुरुषाने कितपत विचार करावा, हे सांगणारी ती खूण होती.

आता पत्र पुन्हा वाचावे. या मंडळीत कुलीन लोक फारसे नव्हते, हे पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. सातव्यात दासांस उपदेश आहे. आणि ज्यांच्यापाशी काही नाही अशांना सहभोजनात लज्जित करणाऱ्या श्रीमंतांची कानउघाडणी याच अकराव्या अध्यायात, मस्तकासंबंधीच्या उताऱ्यानंतर लगेच आली आहे. अशा मिश्र मंडळीपुढे पौल 'प्रत्येक स्त्री' असे म्हणतो. त्यातून दासींस वगळलेले नाही. ज्या स्त्रीला नगराच्या रस्त्यावर कुलस्त्रीचा मान नव्हता, तिलाही उपासनेत तो मान मिळावा, असा या शब्दाचा परिणाम होतो. पौलाच्या मनात नेमका हाच हेतू होता, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल; शिवाय ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ 'पत्नी' असाही होतो, ही अडचण आहेच. तथापि ज्या वाचनात हा परिणाम दिसतच नाही ते वाचन अपुरे होय, इतके म्हणावयास हरकत नसावी.

त्या शब्दावरूनच पुढे कार्थेजला वाद माजला. टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी कुमारिकांच्या अवगुंठनावर जो प्रबंध लिहिला, त्यात 'स्त्री' या शब्दात कुमारिका येते की नाही, हा मुख्य प्रश्न आहे. प्रबंधात रूढीविरुद्ध सत्य असा पवित्रा टर्टुलियनने मोठ्या आवेशाने घेतला असून त्याची तार्किक चपळाई दाद देण्याजोगी आहे. परंतु वादाचे मूळ पाहावे. आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या काही कुमारिका चर्चमध्ये उघड्या मस्तकाने बसत, आणि ते त्यांच्या व्रताचे भूषण समजले जाई. म्हणजे करिंथमध्ये जे झाकण्याने साधत होते, ते कार्थेजमध्ये उघडे ठेवण्याने साधू लागले. टर्टुलियनला खुपली ती ही प्रतिष्ठा. शालीनतेचा युक्तिवाद तिच्या निवारणासाठी पुढे आला.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाशी घडले. त्रावणकोर संस्थानात वरिष्ठापुढे वक्षःस्थल उघडे ठेवणे हे आदराचे चिन्ह मानले जात असे. त्यामुळे शाणार, म्हणजे आजच्या नाडर, जातीच्या स्त्रियांनी वरचे अंग झाकणे हा उद्धटपणा ठरत होता. यांतील पुष्कळ कुटुंबे लंडन मिशनरी सोसायटीच्या प्रयत्नांनी ख्रिस्ती झाली. कर्नल मन्रो यांच्या कारकीर्दीत, १८१४ मध्ये, या ख्रिस्ती स्त्रियांना सीरियन ख्रिस्ती स्त्रियांप्रमाणे कुप्पायम नावाचा सैल अंगरखा घालण्याची मोकळीक मिळाली. मिशनऱ्यांच्या दृष्टीने शालीनतेचा प्रश्न येथे सुटला होता. स्त्रियांच्या दृष्टीने तो सुटला नव्हता. अंगरख्यावरून त्या नायर स्त्रियांसारखे खांद्यावरचे उपवस्त्र घेऊ लागल्या, आणि दंगे झाले ते या उपवस्त्रावरून. १८२९ च्या जाहीरनाम्याने अंगरखा मान्य केला व उपवस्त्र नाकारले. १८५८-५९ मध्ये पुन्हा दंगल उसळली. चर्चे आणि शाळा जाळण्यात आल्या. अखेर मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या दडपणाखाली २६ जुलै १८५९ रोजी जो जाहीरनामा निघाला, त्याची शब्दयोजना अभ्यासकांनी अवश्य पाहावी. सर्व धर्मांच्या शाणार स्त्रियांनी अंगरखा घालावा, कोळिणींप्रमाणे जाडेभरडे वस्त्र गुंडाळावे, वा अन्य कोणत्याही रीतीने अंग झाकावे. मात्र उच्च जातीच्या स्त्रियांप्रमाणे झाकू नये.

शालीनता हाच जर वस्त्राचा आशय असता, तर शेवटची अट निरर्थक ठरली असती. अंग झाकलेलेच आहे. मग ते कोणाप्रमाणे झाकले याची उठाठेव राजाने का करावी? आणि अंगरख्याने अंग पुरते झाकले असताना त्या स्त्रियांनी वीतभर अधिक कापडासाठी मार का खावा? पहिल्या पक्षाच्या भाष्यकारांस याचे उत्तर देता येत नाही. 'हा केवळ लोकाचार' म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षासही ते देता येत नाही. कारण ज्यासाठी घरेदारे पणास लावावी लागतात त्यास 'केवळ' हे विशेषण शोभत नाही.

हाच उतारा मराठीत वाचला जातो तेव्हा आणखी एक गुंतागुंत उद्भवते. मस्तक न झाकणारी स्त्री मुंडण केलेल्या स्त्रीसारखीच लज्जास्पद, असा पौलाचा युक्तिवाद आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ब्राह्मण सुवासिनी सामान्यतः मस्तक उघडे ठेवी, केसांत फुले माळी. केशवपन झालेली विधवाच आलवणाचा पदर मस्तकावरून घेई. म्हणजे पौल ज्यांना परस्परविरुद्ध मानतो, ते मुंडण आणि आच्छादन या समाजात एकाच स्त्रीच्या ठिकाणी एकत्र आले होते. मराठा व इतर घराण्यांत मात्र वडीलधाऱ्यांपुढे डोक्यावर पदर घेणे हा कुलाचार होता, म्हणून त्या श्रोत्यांस उतारा सरळ कळला असेल. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर जे पुस्तक लिहिले त्यात केशवपनाच्या विटंबनेचे वर्णन आहे, आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्याचे कार्यही त्यांनीच पार पाडले. ज्या लेखणीने मुंडणाचे ते वर्णन केले, तीच पुढे या वचनांवरून फिरली, ही गोष्ट आपल्याकडील भाषांतर-अभ्यासकांच्या नजरेतून निसटता कामा नये. पुरुषांचीही तीच कथा. पागोटे उतरविणे म्हणजे अपमान, असा ज्या भाषेचा वाक्प्रचार, तीत बोडक्या मस्तकाने प्रार्थना करण्याचा उपदेश कानास कसा लागला असेल?

इतर देशांतील दाखले येथे थोडक्यात पुरेत. इथिओपियात नेतेला हे तलम पांढरे वस्त्र स्त्रिया नित्य वापरतात; शोकप्रसंगी त्याचा विणलेला काठ तोंडाजवळ येईल असे ते घेतात. वस्त्र एकच, घेण्याच्या रीतीवरून पाहणारास प्रसंग कळतो. रशियन भाषेत 'फजिती करून घेणे' या अर्थाचे क्रियापद मुळात विवाहितेचे केस उघडे पडण्यावरून आले आहे. तेथे हे बंधन धर्माइतकेच भाषेतही मुरले. या दाखल्यांवरून शालीनतेची सार्वत्रिक व्याख्या काढण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळावा.

उताऱ्यातील दहाव्या वचनाकडे मी मुद्दाम शेवटी वळतो. तेथे स्त्रीच्या मस्तकावर काय असावे हे सांगताना ग्रीक मूळात 'एक्सूसिया' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'अधिकार'. वस्त्र नव्हे, अधिकाराचे चिन्ह नव्हे, आणि अधीनता तर नव्हेच. हा शब्द प्राचीनांनाही अवघड गेला, म्हणून काही जुन्या भाषांतरांत त्या जागी सरळ 'अवगुंठन' असा शब्द आला. आधुनिक भाषांतरकारांपैकी अनेकांनी 'चिन्ह' हा शब्द पदरचा घातला. मग हे चिन्ह पतीच्या अधिकाराचे, असे स्पष्टीकरण भाष्यकारांनी जोडले. मूळ वाक्यात पतीचा उल्लेखही नाही.

दुसऱ्या पक्षाचे अधिकृत रूप १९७६ मध्ये प्रकट झाले. स्त्रियांच्या पौरोहित्याचा प्रश्न विचारार्थ घेऊन व्हॅटिकनने त्या वर्षी जी घोषणा प्रसिद्ध केली तीत मस्तकाच्या आच्छादनाचा नियम तत्कालीन रूढीतून आलेला असून आता बंधनकारक नाही, असे म्हटले आहे. परंतु स्त्रियांनी मंडळीत बोलू नये, हा त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायातील निर्बंध निराळ्या प्रकारचा आहे, असेही तेथेच सांगितले आहे. रूढी आणि तत्त्व यांमधील रेषा अशा सोयीच्या ठिकाणी ओढली गेली. अकराव्या अध्यायातील ज्या वचनात स्त्रीने मस्तक झाकावे असे म्हटले आहे, त्याच वचनात ती मंडळीसमोर प्रार्थना करते आणि संदेश देते, हे गृहीत धरलेले आहे. रूढी म्हणून वस्त्र बाजूस सारताना, त्या वस्त्राखाली उभी राहून बोलणारी स्त्रीही बाजूस सारली गेली आहे.