शब्दप्रमाण आणि हात सुकवायचं यंत्र

(चौल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, इतकी वर्षं आम्हाला न्याय-वैशेषिक शिकवलंत आणि आता स्वच्छतागृहातल्या यंत्रावर बोलणार?" आम्ही म्हटलं, "त्यावरच बोलणार, आणि न्याय-वैशेषिकच सांगणार." तेव्हा आज दोन्ही एकत्र ऐकून घ्या.

यंत्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. चौलात नसेल, पण पनवेलच्या वाटेवरच्या मोठ्या हॉटेलांत, मॉलमध्ये, विमानतळावर आहे. हात धुवायचे, खाली धरायचे की जोराचा वारा सुटतो आणि हात कोरडे होतात. आपल्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत. पाऊस, वारा, ऊन यांची नड पडली की त्या त्या कुंडाचं तोंड उघडायचं, अशी जुनी समजूत. म्हणजे वारा मागावा लागायचा. या यंत्रातला वारा तुम्ही न मागता, शेजाऱ्याने हात पुढे केला तरी सुटतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचा नातू नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. हुशार आहे, बोलतो, पण काही आवाज त्याला सोसत नाहीत. एका मे महिन्यात त्याला घेऊन आम्ही घरची माणसं चौलहून मुंबईला निघालो. वाटेत एका हॉटेलात थांबलो. नातू स्वच्छतागृहात गेला. तेवढ्यात तिथल्या एका गृहस्थांनी यंत्राखाली हात धरले. पोरगं कान दाबून होतं तसं बाहेर पळालं. "दुखतंय, दुखतंय" एवढंच म्हणत होतं. दारात उभे असलेले दोघे हसले. आणि आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "अरे, वाराच आहे तो. त्यात दुखायचं काय?" त्या दिवशी मुलाने मुंबईपर्यंत पाणी घेतलं नाही. परतीच्या वाटेवरही नाही. रात्री घरी पोचल्यावर मोरीत गेला.

आयुष्यभर आम्ही प्रमाणशास्त्र शिकवलं. खरं ज्ञान कशाने होतं, कोणाचं सांगणं मानायचं, हे मुलांना समजावलं. आणि नातवाचं सांगणं एका वाक्यात फेटाळून लावलं. आजचं व्याख्यान त्या वाक्याबद्दल आहे.

आता न्यायदर्शन. 'शब्द' या शब्दाचे तिथे दोन अर्थ येतात. एक म्हणजे आवाज. न्याय-वैशेषिकांच्या मते तो आकाशाचा गुण, आणि आपला कान म्हणजे कानाच्या पोकळीत अडलेलं आकाशच. दुसरा अर्थ शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. अशा माणसाला 'आप्त' म्हणतात. आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. भाष्यकार वात्स्यायन सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. जात, पदवी, वय यांची अट त्यात नाही. मग कान दाबून "दुखतंय" म्हणणारं पोर आप्त का नाही? त्याने अनुभवलंय आणि त्याला खोटं बोलायचं कारण नाही. एका अर्थाचा शब्द त्याला लागला, आणि दुसऱ्या अर्थाचा त्याचा शब्द आम्ही मानला नाही. इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली या प्रकारच्या अन्यायावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या सांगण्याची किंमत कमी करायची, हा ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय, असं त्या म्हणतात.

बरं, मुलाचं सांगणं खरं होतं का? कॅनडात कॅलगरीला नोरा कीगन नावाची एक शाळकरी मुलगी होती. या यंत्रांपाशी मुलं कान दाबतात, हे तिने पाहिलं. तिने मोजायचं ठरवलं. २०१५ ते २०१७ या काळात आल्बर्टा प्रांतातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या ४४ यंत्रांचा आवाज तिने मोजला. मोठ्यांच्या कानाच्या उंचीवर मोजला, तसा मुलांच्या कानाच्या उंचीवरही. काही यंत्रं १०० डेसिबलच्या पुढे गेली. त्या देशात १०० डेसिबलहून मोठा आवाज करणारं खेळणं विकायला परवानगी नाही. २०१९ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिचा निबंध बालरोगांच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कान दुखतात म्हणणारी मुलं बरोबर सांगतात, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं.

इथे एक गोष्ट पाहा. मुलाचा कान यंत्राच्या झोताच्या उंचीवर येतो. आपला वर राहतो. आम्हाला जो वारा वाटला, तो त्याच्या कानाशी सुटलेला होता. आम्ही एकाच खोलीत होतो, पण एका जागी नव्हतो.

डेसिबलचा हिशेब साधा नाही, म्हणून थोडं सांगतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात, शांतता क्षेत्रात ५०. पण ती परिसरातल्या, उघड्यावरच्या आवाजाची. शौचालयातल्या फरशीच्या चार भिंतींमध्ये काय चालतं, त्यावर त्या आकड्यांचं बोट ठेवता येत नाही.

आणि त्या फरशीचाही मोठा वाटा आहे. पूर्वीची यंत्रं गरम हवेने पाणी वाळवत. वेळ लागायचा, घरघर करत. गेल्या पंचवीसेक वर्षांत आलेली वेगवान यंत्रं पाणी वाळवत नाहीत, झोताने उडवून लावतात. वेळ वाचतो, वीज वाचते. पण जोराची हवा हाताला आपटली की मोठा आवाज होतो, आणि गुळगुळीत फरशी तो गिळत नाही, परत फेकते. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधले ध्वनीचे अभ्यासक जॉन ड्रेव्हर यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच मांडलं. प्रयोगशाळेतल्या मोकळ्या, शांत जागेत मोजलेला आकडा शौचालयात खरा ठरत नाही. कोणाला त्रास होतो, तेही त्यांनी सांगितलं: स्वमग्न मुलं-माणसं, श्रवणयंत्र वापरणारे, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, आणि कानाने वाट काढणारे अंध.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. यंत्रावर जो आकडा छापतात, तो कोणाच्या कानाने मोजलेला असतो? तुम्ही म्हणाल, मीटरने. पण मीटरलाही कान लावलेला असतो. कुठल्या स्वराला किती वजन द्यायचं हे १९३३ सालच्या फ्लेचर आणि मन्सन यांच्या प्रयोगांतून आलं. माणसांना आवाज ऐकवले, त्यांना ते किती मोठे वाटतात ते विचारलं, सरासरी काढली. आजचं आंतरराष्ट्रीय मानक १८ ते २५ वर्षांच्या, कानाचा काही दोष नसलेल्या माणसांच्या ऐकण्यावर उभं आहे. म्हणजे 'इतके डेसिबल' असं म्हणताना आपण एका तरुण, निरोगी, सरासरी कानाची साक्ष काढतो. बेल्जियमच्या केतले यांनी १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. लोकसंख्येचा अभ्यास करायला ती उपयोगी आहे. पण तो सरासरी माणूस कधी शौचालयात जात नाही. जातात ते आमच्यासारखे सत्तरीतले, नऊ वर्षांचे, पोटुशा बायका. साक्ष एकाची घ्यायची आणि निकाल सगळ्यांना लावायचा, असं चाललंय.

आमचंच सांगतो. आमच्या कानात श्रवणयंत्र आहे. तुम्हाला वाटेल, कमी ऐकू येणाऱ्याला मोठ्या आवाजाचं काय? उतारवयात कान उतरतो तेव्हा बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठा आवाज आला तर तो एकदम अंगावर येतो. मधली पायरीच राहत नाही. म्हणून आताशा आम्ही अशा ठिकाणी शिरण्याआधी कानातलं काढून खिशात टाकतो. मग मागून कोणी "काका, सरका" म्हटलं तरी कळत नाही. ही युक्ती आम्ही स्वतःसाठी वर्षभर वापरत होतो, आणि तरीही नातवाला म्हणालो, "वाराच आहे." स्वतःचा अनुभव असून दुसऱ्याचा मानला नाही.

यावर आमच्या घरातच एक हरकत निघाली, आणि ती बिनतोड वाटते. आमचे मेव्हणे म्हणाले, "मार्गशीर्षात दत्ताच्या जत्रेत हा पोरगा येतो. तिथे ढोल, ताशे, कर्णे. ते कसं चालतं? म्हणजे हट्टच असणार." या हरकतीवर आम्ही पुष्कळ विचार केला. जत्रेत तो आजीचा हात धरून खाली, पायऱ्यांपाशी उभा राहतो. कानांवर जाड हेडफोन असतात. ढोल लांबून येताना ऐकू येतो. जवळ येणार हे त्याला आधी कळतं. नको झालं की आजीला ओढून सुपारीच्या वाडीत निघून जातो. आवाज मोठा असतो, पण कधी, किती आणि कुठवर, हे थोडंफार त्याच्या हातात असतं. शौचालयात यातलं काही नाही. यंत्र कोणाच्याही हाताने सुरू होतं, चाहूल न देता. आणि निघून जायचं तर लघवी अर्धी टाकून. म्हणून 'जत्रा चालते तर हे का नाही' हा तर्क टिकत नाही. आवाजाचा त्रास आकड्यात असतो, तसाच तो सुटायला वाट आहे की नाही यातही असतो.

शौचालयाला पर्याय नसतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. आमच्या नातवाने त्या दिवशी तेच केलं. फरक इतकाच की त्याच्यासाठी स्वच्छतागृह होतं, पण त्याला आत जाता येत नव्हतं.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो. स्वमग्नता त्यांत आहे. 'अडथळा' या शब्दाच्या व्याख्येत तो पायरी-जिन्याबरोबर परिसरातल्या गोष्टीही धरतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसती शिफारस नको, असं सांगितलं. पण सुगम्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाकाची खुर्ची आणि उतार येतो. उतार हवाच. पण उताराने आत गेलेल्या माणसाच्या डोक्यावर तेच यंत्र गरजत असेल तर अडथळा फक्त दारातून आत सरकला.

आणखी एक माणूस आपण विसरतो: तिथे दिवसभर फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशी. आपण दहा सेकंदांत बाहेर पडतो. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. मावशींपाशी मीटर घेऊन कोण जातं?

यंत्राच्या बाजूने बोलायचं तर कागद लागत नाही, कचरा होत नाही, हे खरंच आहे. आम्ही यंत्र फोडा म्हणत नाही. आपोआप सुरू होण्याऐवजी बटण ठेवा. झोत कमी करायची सोय असलेलं यंत्र घ्या आणि ती सोय वापरा. दिव्यांगांसाठीच्या खोलीत यंत्र नको, कागद किंवा फडकं ठेवा. जमेल तिथे यंत्र दाराबाहेर लावा. आणि आपल्या खिशात रुमाल असतोच. आपल्या आज्यांनी पदराला हात पुसले, आपण रुमालाला पुसू.

त्या हॉटेलाच्या मालकांना आम्ही नंतर भेटलो. भले गृहस्थ. म्हणाले, "आजवर कोणी तक्रारच केली नाही." आम्ही म्हटलं, "केली होती. नऊ वर्षांच्या मुलाने, तुमच्या दारात उभं राहून, मोठ्याने. ती ऐकणारे आम्हीच तिघे होतो, आणि त्यातले दोघे हसले."

नातवाची आम्ही माफी मागितली. त्याने ती लगेच दिली नाही. "पुढच्या वेळी आधी तुम्ही आत जाऊन बघा," एवढी अट घातली. आता वाटेत कुठेही थांबलो की आम्ही आधी आत जातो, यंत्र आहे का पाहतो, असलं तर कोणी हात धरू नये म्हणून त्याच्यासमोर उभे राहतो, आणि मग त्याला बोलावतो. लोक विचित्र नजरेने बघतात. बघोत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने बोला, आमच्या कानाचं तुम्हाला सांगितलंच आहे.