हिरवा ठिपका दिसला, म्हणजे जमीन बरी झाली का?

संशोधनात 'कसं मोजायचं' याच्या आधी 'काय मोजायचं' हे ठरवावं लागतं. खाणींनी उकरलेल्या जमिनीच्या अभ्यासात हा क्रम बरेचदा उलटतो. म्हणून आज एका रूढ पद्धतीची चिकित्सा करूया.

कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींवर २००८ पासून उपग्रहातून नजर ठेवली जाते. हे काम रांचीची सीएमपीडीआय ही संस्था करते. आपल्या विदर्भातल्या वेकोलिच्या खाणीही त्यात आहेत. खणलेल्या जमिनीचे तीन भाग केले जातात: खोदकाम चालू असलेली, दगडमातीने भरलेली आणि झाडं लावलेली. शेवटचे दोन मिळवले की झालं 'पुनर्प्राप्त' क्षेत्र.

समजा, १०० हेक्टर खणले. ४० वर खोदकाम चालू, ३५ भरले, २५ वर झाडं. अहवालात येणार ६० टक्के. पण त्या ३५ हेक्टरांवर अजून गवताची काडीही नसेल! खड्डा बुजवणं आणि जमीन जिवंत करणं, या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवल्या गेल्या.

पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. दरवर्षी एकाच मापाने इतक्या खाणी बघणं पायी फिरून जमणार नाही. खोदकाम किती सरकलं, हे ती चांगलं सांगते. अडचण आहे ती 'पुनर्प्राप्त' या शब्दाची.

उरलेल्या २५ हेक्टरांचं काय? पानं लाल प्रकाश शोषतात आणि जवळचा अवरक्त प्रकाश परावर्तित करतात. या फरकावरून एनडीव्हीआय निघतो. त्यातून हिरवेपणा कळतो, पण झाड कुठलं ते कळत नाही. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती भराभर वाढते, वरून छान हिरवी दिसते. खाली मूळचं जंगल परततंय का, हे या आकड्याला विचारून उपयोग नाही. शिवाय आपली पानगळीची झाडं एप्रिलमध्ये उघडी पडतात, म्हणजे चित्र कुठल्या महिन्यातलं यावरही निकाल बदलतो.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणपट्ट्यांत पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सांगितलं. त्यात अपेक्षा होती की जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीलायक व्हावी. म्हणजे अपेक्षा जीवसृष्टीची आणि मोजमाप रंगाचं.

मग मोजायचं काय? नागपूरच्या नीरीने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर काम केलं, त्यातून दिशा मिळते. साखर कारखान्यातली मळी, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून त्यांनी आधी माती घडवली, मग झाडं लावली. तिथे सेंद्रिय कर्ब आणि जिवाणूंची संख्या हेसुद्धा मोजमापाचे निकष होते.

आपल्या मुक्ताईनगर परिसरात कोळसा नाही, बेसाल्ट आहे. खडी-मुरमाच्या खाणी छोट्या, म्हणून त्यांच्यावर अशी नजरही नाही. एखादी बंद खाण निवडा. शेजारच्या न खणलेल्या जमिनीचा नमुना संदर्भ म्हणून घ्या. दोन्हीकडचा कर्ब, मातीचा घट्टपणा, पाणी मुरण्याचा वेग, आपोआप उगवलेल्या प्रजाती मोजा. उपग्रहाचं चित्र त्यानंतर उघडा आणि दोघांचं कुठे जमत नाही ते शोधा. प्रबंधाचा विषय तिथेच सापडेल. आणि ज्याची गुरं त्या जमिनीवर चरायची, त्याला सांगण्यासारखं उत्तरही.