‘हाच तो देवदत्त’ आणि रोलिंग स्टोन्स

‘हाच तो देवदत्त’ हे वेदान्ताच्या वर्गातलं नेहमीचं उदाहरण. पूर्वी पाहिलेला देवदत्त वेगळ्या गावी, वेगळ्या काळी समोर येतो, तरी आपण म्हणतो, हा तोच. वेदान्ती सांगतो, जे बदललं ते बाजूला ठेवा. उरतो तो देवदत्त. हाच प्रश्न आज मला एका रॉक बँडला विचारायचा आहे. १९६२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या रोलिंग स्टोन्सचं बदललेलं सगळं बाजूला ठेवलं, तर उरतं काय?

निमित्त ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमचं. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये १८ वर्षं गेली. त्यात २०२१ मध्ये त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स वारले.

आता बघा, हा बँड एका आवाजाला कधीच चिकटून राहिला नाही. सुरुवात अमेरिकन ब्लूजपासून, १९६७ मध्ये सायकेडेलिक प्रयोग, १९७८ मध्ये ‘मिस यू’त चक्क डिस्कोचा ठेका. तरी ते लगेच ओळखू यायचे. का? बहुतेक रॉक बँडमध्ये बाकीचे वादक ड्रमरच्या मागे चालतात. इथे कीथ रिचर्ड्स गिटारवर लय धरायचे आणि वॉट्स त्यांच्याकडे कान ठेवून वाजवायचे. ख्यालात तबलजी गायकाकडे लक्ष ठेवतो ना, तसं काहीसं. दोघांमध्ये केसभर अंतर राहायचं, आणि त्यातून ती झुलती, किंचित सैल चाल यायची. माझ्या मते त्यांची ओळख या एकमेकांना ऐकण्यात होती.

‘हॅकनी डायमंड्स’च्या बऱ्याच गाण्यांत हे अंतर बुजवलेलं आहे. मुख्य निर्माता अँड्र्यू वॉट, जन्म १९९० चा. पहिल्याच ‘अँग्री’पासून सगळं चकचकीत, ठासून भरलेलं, कानाशी आणलेलं. मिक जॅगर यांचा आवाज ऐंशीच्या उंबरठ्यावर थक्क करतो, हे खरंच. पण एकूण परिणाम असा की बँड स्वतःसारखा दिसायची खटपट करतोय.

कुणी म्हणेल, ड्रमर बदलला, दुसरं काय होणार? इथे अन्वय-व्यतिरेक लावून पाहू. ‘मेस इट अप’मध्ये वॉट्स स्वतः वाजवतात, मृत्यूपूर्वीचं ध्वनिमुद्रण आहे, तरी तिथेही ती चकाकी त्यांच्यावर बसलीच आहे. उलट ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये ड्रमवर नवे स्टीव्ह जॉर्डन, आणि तिथे मात्र गाणं श्वास घेतं. स्टीव्ही वंडर यांची साथ आहे, लेडी गागा आणि जॅगर एकमेकांना उत्तरं देतात, गाणं संपलंसं वाटतं आणि पुन्हा उठतं. म्हणजे दोष नव्या माणसाचा नाही. जिथे वादकांना परस्परांकडे कान द्यायला जागा मिळाली, तिथे बँड सापडतो.

शेवटचं गाणं तर सगळंच उलगडून ठेवतं. ज्या मडी वॉटर्स यांच्या १९५० च्या गाण्यावरून बँडने नाव घेतलं, तेच गाणं इथे फक्त दोघे करतात: रिचर्ड्स यांची गिटार, जॅगर यांचा आवाज आणि हार्मोनिका. ड्रम नाहीत. गेलेल्याची जागा भरायचा प्रयत्नच नाही, म्हणून ती ऐकू येते. तरुणपणी हे दोघे ब्लूज गायचे, तेव्हा म्हाताऱ्यांचं उसनं घ्यायचे. आता ते वय त्यांचं स्वतःचं आहे.

आणि इथेच मला वेदान्त्याशी भांडावंसं वाटतं. बदललेलं वजा करून उरणारा देवदत्त मला या अल्बममध्ये सापडत नाही. तो सापडतो, झीज आणि वियोग सोबत घेऊन समोर येतो तेव्हा. आमच्या वयाच्या माणसांना तर हे जरा जास्तच लागू आहे! तुम्ही घरी गेल्यावर अल्बमची शेवटची दोन गाणी आधी ऐका, मग पहिलं ऐका. कुठे ओळख पटते, हे तुमच्या कानांनाच विचारा.