उतरलेला सदरा आणि निवडलेला सदरा

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पुढच्या दहा वर्षांत प्र. ई. सोनकांबळे, लक्ष्मण माने, शंकरराव खरात, शरणकुमार लिंबाळे, बेबी कांबळे, लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथने आली आणि मराठी समीक्षेला त्यांची दखल घेणे भाग पडले. भूक, शिळी भाकरी, मेलेले ढोर, पाणवठा, शाळेतली वेगळी जागा यांची तिने नोंद केली. अंगावरच्या कपड्याची नोंद मात्र 'फाटका' या एका विशेषणात आटोपली. कपडा फाटका आहे, म्हणजे दारिद्र्य आहे, म्हणजे अनुभव अस्सल आहे, असा तिचा हिशेब. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. का, हे सांगण्यासाठी मला आधी माझ्या स्वतःच्या दोन सदऱ्यांविषयी सांगावे लागेल.

शिंदखेड्याला आमच्या वस्तीतल्या बायका हंगामात कापूस वेचायला जात. माझी आईही जाई. आमच्या खानदेशात कापसाला तोटा नव्हता. त्या काळी अमळनेरला प्रताप मिल होती, धुळ्याला न्यू प्रताप मिल होती. वस्तीतले दोघे-तिघे धुळ्याच्या मिलमध्ये खात्यावर होते. म्हणजे कापूस वेचणारे आम्ही आणि कापड काढणाऱ्यांतही आम्ही होतो. अंगावर मात्र दुसऱ्याने टाकलेले असे. मी पाचवीत असताना आईने ज्यांच्या शेतात ती जाई त्यांच्या घरून एक सदरा आणला. निळ्या रेघांचा होता, वरची गुंडी तुटलेली होती. मी विचारले, "हाऊ सदरा कोना शे?" ती म्हणाली, "आते तुना शे."

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या घरच्या मुलाने तो सदरा ओळखला. त्याने मारले नाही, शिवीही दिली नाही. "हाऊ मना सदरा शे," एवढेच तो म्हणाला, आणि झाडावरून उतरताना गुंडी कशी तुटली ते त्याने साऱ्या पोरांना रंगवून सांगितले. सदरा धड होता, कुठे उसवलेलाही नव्हता. तरी तो माझ्याच्याने पुन्हा घालवला नाही. आईने त्याची पुढे वाकळ शिवली.

दुसरा सदरा १९८३ सालचा. तेव्हा मी धुळ्याला महाविद्यालयात शिकत होतो आणि सुटीला घरी येत असे. सुरत-भुसावळ लोहमार्ग शिंदखेड्यावरून जातो. त्या गाडीने सुरतेकडून जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन एक विक्रेता येई आणि आठवडे बाजाराच्या दिवशी ताडपत्रीवर ढीग मांडी. भांड्यांवर जुने कपडे घेत दारोदार फिरणाऱ्या बोहारणींनी गोळा केलेला तो माल. त्या ढिगापाशी मी तासभर उकिडवा बसलो. कॉलर पाहिली, काखेतली शिवण ताणून पाहिली, कापड उजेडाकडे धरून कुठे विरले आहे का ते पाहिले. शेवटी सायीच्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा एक सदरा घासाघीस करून घेतला. आईने तो सोड्यात उकळला. वस्तीतल्या शिंप्याने झिजलेली कॉलर उलटवून शिवली, बाह्या दोन बोटे आखूड केल्या. इस्त्री नव्हती, म्हणून तांब्यात निखारे घालून मी तो कडक केला. तो आणि दुसरा एक, असे दोन सदरे आलटून पालटून वापरत मी दोन वर्षे काढली. वर्गात मी टापटिपीचा म्हणून ओळखला जाई.

आता पाहा. दोन्ही सदरे जुने होते. दुसरा तर पहिल्याहून अधिक वापरलेला होता. पण पहिल्यावर देणाऱ्याचे नाव होते आणि ते कोणत्याही सोड्याने निघणारे नव्हते. दुसरा कोणाच्या अंगावरचा होता हे मला ठाऊक नव्हते आणि ज्याने तो टाकला त्याला मी ठाऊक नव्हतो. मधे पैसा आला होता, आणि पैशाबरोबर नापसंत करण्याचा अधिकार आला होता. त्या तासाभरात मी वीसेक सदरे नाकारले असतील. आईला त्या घरी एकही नाकारता आला नसता.

बाजाराचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो ढीग ज्यांच्या पायपिटीवर उभा राहतो त्या बोहारणींना समाजाने कोणती जागा दिली आहे हे आपण जाणतो. मला एवढेच म्हणायचे आहे की, कपड्याचे जुनेपण आणि कपड्यातून होणारी मानहानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समीक्षेने त्या एकत्र केल्या.

आपल्या धर्मशास्त्राने ही गल्लत केली नव्हती. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगतो, आणि चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे नेमून देतो. येथे जीर्ण वस्त्र हे गरिबीचा परिणाम म्हणून येत नाही, ते विधान म्हणून येते. शूद्राजवळ पैसा असला तरी त्याने तेच नेसावे असा त्याचा अर्थ होतो. आमच्या गावगाड्यातही मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' होता. ज्याला आपण हक्क म्हणत होतो ती सक्ती होती, हे कळायला बाबासाहेब यावे लागले. वतन तर १९५८ च्या कायद्याने जाईपर्यंत राहिले.

या व्यवस्थेची दुसरी बाजू समीक्षेच्या नजरेतून अधिकच निसटली आहे. काय नेसावे याबरोबर काय नेसू नये याचाही कायदा होता. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये एक तपशील दिला आहे. महार स्त्रियांनी लुगडे असे नेसायचे की, निऱ्यांतला काठ दिसता कामा नये. काठ दिसण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. हा तपशील मला साऱ्या फाटक्या कपड्यांच्या वर्णनांहून महत्त्वाचा वाटतो. लुगडे तेच, काठ तोच, त्याचे पैसेही मोजलेले. पण तो झाकून ठेवायचा. येथे दारिद्र्याचा प्रश्नच उरत नाही. बाबासाहेबांनी 'जातिसंहार' या १९३६ च्या प्रबंधात इंदूरकडच्या बलाई जातीवर १९२८ साली लादलेल्या अटी नोंदवल्या आहेत. त्यांतही पागोट्याला जरीचा काठ नको, धोतराला रंगीत वा नक्षीचा काठ नको, बायकांच्या अंगावर सोनेचांदी नको, असेच होते. इंदूरचे पागोटे आणि फलटणकडचे लुगडे यांत एवढे अंतर, पण दोन्हीकडे राग काठावरच. २०२३ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातल्याच्या रागातून मारहाण झाल्याची तक्रार नोंदली गेली. त्यामुळे १९२८ ची गोष्ट इतिहासजमा झाली असे म्हणण्याची सोय नाही.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांविषयी बोलले. त्यांच्या बोलण्याचा रोख पुन्हा तपासण्यासारखा आहे. अंगावरचे लुगडे ठिगळाचे असले तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे; पण नेसण्याची जी तऱ्हा पाहून माणूस अस्पृश्य म्हणून ओळखला जातो ती टाकून द्या; कोणते वस्त्र नेसावे यावर तुम्हांला कोणी बंधन घालू शकत नाही. स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. लुगडी तीच होती, नवी कोठून येणार? बदलला तो काठ. ठिगळ चालेल, पण निवड सोडणार नाही, हा तो विचार होता. मी आठवडे बाजारातल्या ढिगापाशी बसलो तेव्हा हे सारे वाचलेले नव्हते. आज वाटते, मी तेथे त्याच विचाराने बसलो होतो.

परंतु मी काही वीरपुरुष नव्हतो. ती हकीकत सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण तिच्यावर झाले. माझा एक हप्ता अडला होता. मी चौकशीला एका कचेरीत गेलो. अंगात तोच सायीच्या रंगाचा, तांब्याने कडक केलेला सदरा होता. कारकुनाने मला खालीवर न्याहाळले आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "थाट तर बघा. सरकारचे जावई! ह्यांना कशाला हवी शिष्यवृत्ती?" कागद त्याने बाजूला ठेवला. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो. या वेळी खोलीवरच्या मित्राचा पाठीत उसवलेला सदरा मागून घेतला, चपला बाहेर काढून ठेवल्या. कारकून एक शब्द बोलला नाही. सही केली, शिक्का मारला. काम झाले.

बाहेर येऊन मी चपला घातल्या तेव्हा मला पाचवीतल्या सदऱ्याची आठवण झाली. त्या वेळी दुसऱ्याने माझी निवड हिरावली होती. या वेळी ती मी माझ्या हाताने काढून ठेवली होती.

आमच्या समीक्षेशी माझे भांडण येथे येते. तो कारकून मला मराठीच्या अनेक चांगल्या समीक्षकांत पुन्हा भेटला आहे. लेखक फाटक्या सदऱ्यात आला की त्याची नोंद 'अस्सल' म्हणून होते. तोच लेखक नोकरीला लागला, इस्त्रीचे कपडे घालू लागला, त्याने त्याविषयी लिहिले, की 'पांढरपेशा झाला, मुळापासून तुटला' असा शेरा मिळतो. कागद बाजूला ठेवला जातो. आणि आपल्यातलेही काही लेखक, मी गेलो तसे, उसवलेला सदरा मागून आणून पुन्हा त्या टेबलापुढे उभे राहिले आहेत, हे आपण आपल्याशी तरी कबूल केले पाहिजे.

स्वच्छ कपड्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये मुंजीचा मांडव पाहत उभी असलेली एक लहान मुलगी आहे. तिची वेणीफणी नीट, कपडे स्वच्छ. तरी जातीवरून ती हटकली जाते. मळके असलो तर मळके म्हणून, स्वच्छ असलो तर माजलेले म्हणून. दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागत असतील तर कपडा दुसऱ्याच्या नजरेसाठी का घालावा? तो आपल्या आवडीचा का घालू नये? हा प्रश्न आमच्या पिढीने विचारला नाही. आताच्या मुली विचारतात.

आमच्याच वस्तीतली एक मुलगी पुण्याला पदव्युत्तर वर्गात शिकते. गेल्या सुटीत घरी आली तेव्हा अंगात ढगळ, मर्दानी, चौकड्यांचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी म्हटले, "बाजारातला का?" ती हसली. "काका, तिकडे ह्याला थ्रिफ्ट म्हणतात." पुण्यामुंबईची सुखवस्तू मुले आता जुने कपडे निवडून घेतात, मोबाइलवर त्याची दुकाने चालतात, नव्या कपड्यांच्या उधळपट्टीला विरोध म्हणून ते अभिमानाने सांगितले जाते. वर्गातल्या मैत्रिणीने तिला सदरा कुठला म्हणून विचारले, तेव्हा हिने शिंदखेड्याच्या बाजारातल्या ढिगाचे नाव सांगितले. मैत्रिणीला ते फारच आवडले.

मी विचारले, "मग आता काही फरक उरला नाही म्हणायचा?" तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तिच्या पँटीला गुडघ्यावर भोक आहे. तिने ते मुद्दाम ठेवलंय. मी भोकाचा कपडा कधीच घेत नाही."

एवढ्यात तिने सगळे सांगितले. मैत्रिणीच्या गुडघ्यावरचे भोक तिची आवड ठरते. हिच्या गुडघ्यावर ते जात ठरेल. जुना कपडा मिरवण्यासाठी अंगाखाली एक निर्धास्तपण असावे लागते, आणि ते कोणत्याही ढिगात विकत मिळत नाही. तरीही ही मुलगी ढिगाचे नाव लपवत नाही, हे मला मोठे वाटते. मी दोन वर्षे लपवले होते. तिची आवड पुढे आहे आणि सावधपणाही शाबूत आहे. या दोहोंच्या मधे ती रोज सकाळी कपडे निवडते. तिचे हे रोजचे निवडणे साहित्यात आलेले नाही. आले, तर त्याला 'फॅशनचा विषय' म्हणून कोणी बाजूला सारू नये.

म्हणून शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे. वर्गात आत्मकथन शिकवताना कपड्याचा उल्लेख आला की 'दारिद्र्याचे चित्रण' असे लिहून देऊन पुढे जाऊ नका. कपडा कोणी दिला, कोणी निवडला, नाकारण्याची मोकळीक होती का, काठ झाकायला लावला की दिसू दिला, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला लावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही आज अंगात जे घालून आला आहात त्याच्याविषयी लिहा. तो ढिगातला असेल, धाकट्या मामाचा असेल, पहिल्या कमाईचा असेल. उसवलेला असेल तर तसे लिहा, पण कचेरीत जायचे म्हणून मुद्दाम उसवू नका. ते मी एकदा केले आहे. हप्ता मिळाला, तो सायीच्या रंगाचा सदरा मात्र नंतर मला पहिल्यासारखा अंगात बसला नाही.