शेवटच्या कणाचा दोष

वाळूचा ढीग कोसळला तर दोष कोणाचा? शेवटच्या कणाचा, असे आपण सहज म्हणतो. प्रा. दीपक धर यांचे १९९० सालचे संशोधन या उत्तरालाच हरकत घेते. म्हणून साहित्याच्या या पानांवरही त्याचा परामर्श घ्यावा, असे आम्हांस वाटते.

सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या वाचकांना अवस्थांतर अपरिचित नाही. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचे चुंबकत्व लोपते. मात्र तेथवर भट्टी कोणीतरी न्यावी लागते. पेर बाक, चाओ तांग व कर्ट वीझनफेल्ड यांनी १९८७ मध्ये असा ढीग कल्पिला, जो आपण होऊनच त्या काठावर पोहोचतो. नियम अगदी साधा. पटावरील एका घरात चार कण जमले की शेजारच्या चार घरांत एकेक जातो. कडेचे बाहेर पडतात. कधी एकच घर हलते, तर कधी जवळजवळ सारा पट.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना धर यांनी सिद्ध केले, की कण कोणत्याही क्रमाने टाका, अंतिम मांडणी तीच राहते. कोसळण्याची वेळ बदलेल, परिणाम नव्हे. शेवटचे असणे हा केवळ योगायोग. २०२२ साली बोल्ट्झमन पदक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

थोड्या नियमांतून इतके निष्पन्न व्हावे, हा या प्रतिमानाचा मोठा गुण. परंतु मर्यादाही दृष्टीआड करू नये. १९९६ मध्ये नॉर्वेतील प्रयोगात लांबट तांदळाचा ढीग असा वागला, गोलसर दाण्यांचा वागला नाही. म्हणजे कणाचा आकारही महत्त्वाचा. प्रतिमानातले कण मात्र सारे सारखे. माणसे तशी नसतात. शिवाय माणसाला आपल्या शब्दाची जबाबदारी असते, कणाला नसते. तेव्हा या ढिगावरून थेट समाजाचा न्याय करणे आम्हांस मान्य नाही.

तरीही एक गोष्ट मनाला लागली. घरातले भांडण मिटवावयास बसलो म्हणजे आम्हीही प्रथम विचारतो, शेवटचा शब्द कोणाचा? त्याआधी वर्षानुवर्षे साचलेले कोणी मोजत नाही. आम्हीही ते मोजले नाही.