क्यू जोडला की गणित होत नाही

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे येताना भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाताना दिसतात. अशा उताराचे क्षेत्रफळ हवे असेल, तर एकेक खाचर मोजून बेरीज करावी. इंग्लंडमधले धर्मोपदेशक फ्रँक हिल्टन जॅक्सन यांनी १९१० साली समाकलनाबाबत असेच केले. फरक एवढाच, की त्यांच्या पायऱ्यांची रुंदी एका ठरावीक गुणोत्तराने घटत जाते. ते गुणोत्तर म्हणजे क्यू.

कागद घेऊन करून पाहा. क्षचे ० ते १ समाकलन १/२ येते, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. आता क्यू १/२ धरा. पायऱ्यांची रुंदी १/२, १/४, १/८. उंची १, १/२, १/४. गुणाकार १/२, १/८, १/३२ असे होतात आणि त्या अनंत श्रेढीची बेरीज २/३ येते. क्यू ०.९ घेतला तर उत्तर सुमारे ०.५२६. सर्वसाधारण उत्तर १ भागिले (१ + क्यू). क्यू १ कडे सरकला की जुना १/२ परत मिळतो.

बीटा आणि गॅमा फलनांच्या समाकलांना अशी क्यू-रूपे देण्याची कला आज शंभरी ओलांडून गेली आहे. रामानुजनांची वाट वेगळी होती. त्यांनी बीटा समाकलाचे क्यू-रूप पायऱ्यांची बेरीज न करता, शून्यापासून अनंतापर्यंतच्या सलग समाकलाने दिले. हार्डींनी १९१५ साली त्याची सिद्धता छापली, पण रिचर्ड आस्की यांनी १९८० साली त्यावर सविस्तर लिहिले तेव्हा कुठे त्याचे मोल नीट उमगले. म्हणजे एकाच अभिजात समाकलाला दोन निरनिराळी क्यू-रूपे असू शकतात. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

महाराष्ट्राचा यातला वाटा मोठा आहे. रामानुजनांच्या वह्यांची छायाप्रत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली दोन खंडांत काढली. त्याच संस्थेतल्या एस. राघवन आणि एस. एस. रंगाचारी यांनी १९८९ साली, रामानुजनांच्या हरवलेल्या वहीतली विवृत्तीय समाकलांची सूत्रे सिद्ध करणारा निबंध प्रसिद्ध केला. वहीतल्या सिद्धतेविना उतरवलेल्या ओळींना सिद्धता देणे हे जिकिरीचे काम आहे.

सेलबर्ग यांच्या १९४४ च्या बहुचल समाकलाचे क्यू-रूप आस्कींनी अटकळ म्हणून मांडले. हाब्सिगर आणि केडेल यांनी ते १९८८ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यातून बहुपदींच्या स्थिर पदांची सूत्रे हाती लागली. क्यू-रूपाने नवे दार उघडले ते असे.

आज मात्र बरेचसे निबंध एखादे जुने सूत्र घेतात, त्यात क्यू आणि चार प्राचल घालतात आणि क्यू १ केल्यावर जुने सूत्र मिळते असे दाखवून थांबतात. ही किमान अट झाली, तिला शोध म्हणता येणार नाही. आपल्याकडे लखनौच्या आर. पी. अगरवालांनी १९६९ साली अपूर्णांकी क्यू-समाकलन मांडले, त्यामागे विचार होता. पुढच्या पुष्कळ लिखाणात नुसती भर आहे.

महाड-पोलादपूरच्या गणितशिक्षकांना माझी विनंती आहे: गॅमा फलन शिकवाल त्या दिवशी वरची २/३ ची बेरीज फळ्यावर एकदा मुलांकडून करून घ्या.